पहिल्या रांगेतला मी

३ मार्च

आजपासून रोजनिशी. कोणालाही दाखवायची नाही. चळवळीतल्या माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं.

आज कॅन्टीनमध्ये समितीची मीटिंग झाली. माझ्या रूममेटच्या देशात निवडणूक झाली आणि निकालाच्या आदल्या दिवशी रस्त्यावर रणगाडे आले. तेव्हापासून तिथली कॉलेजची पोरं रस्त्यावर आहेत. त्यांना पाठिंबा म्हणून पंधरा तारखेला आपण त्यांच्या वकिलातीसमोर उभं राहायचं ठरलं. (रूममेटचं खरं नाव होस्टेलमध्ये कोणालाच धड म्हणता येत नाही, म्हणून सगळे त्याला पाहुणा म्हणतात. तोही ओ देतो.)

व्यवस्था अध्यक्षबाईंनी समजावली. बाई म्हणजे आमच्याच कॉलेजची स्टॅटिस्टिक्सची मुलगी, पण बोलायला लागली की आपोआप अहो-जाहो होतं. वकिलातीच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून एक माणूस सगळ्यांचे फोटो काढतो. फोटो तिकडे जातात आणि मग पोलीस त्या पोराच्या घरी जातात. म्हणून तिकडची अकरा मुलं मागे, तोंडावर कापडी मास्क घालून. पुढे आपण इथले, उघड्या चेहऱ्याने. आपलं तिकडे कोणी नाही, आपलं काय वाकडं होणार, असं बाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं की बॅनर कोण धरणार. डावी काठी आमच्यातल्या ताडमाड लांबूने घेतली. उजवीला कोणी तयार होईना. तेवढ्यात माझा हात वर गेला. तो चहावाल्यासाठी गेला होता हे खरं, पण वर गेलेला हात खाली घेणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय टाळ्या सुरू झाल्या होत्या.

रूमवर आल्यावर पाहुण्याने मला मिठी मारली. बॅनरवर तिकडच्या बेपत्ता पोरांचे फोटो आहेत. उजव्या टोकाला त्याचा मोठा भाऊ आहे. असाच एका फोटोत दिसला आणि गेल्या वर्षी घरातून उचलून नेला. अजून पत्ता नाही. घरी आता एकटी आई, आणि पंचवीस तारखेला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन. पाहुण्याचं वीसचं तिकीट काढलेलं आहे. त्याचा चेहरा दिसता कामा नये, नाहीतर जाणं संपलं.

मी म्हटलं, मी पुढे असताना तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही.

४ मार्च

संकल्प: पहाटे पाचला उठणे. जोर. घोषणांसाठी आवाज कमावणे. भीती हा शब्द वापरणे बंद.

नऊला उठलो. बाथरूममध्ये घोषणांचा सराव केला. रेक्टरने बाहेरून विचारलं की पोट ठीक आहे ना.

६ मार्च

जागेची पाहणी करायला एकटाच गेलो. सेनापती आधी मैदान बघतो.

वकिलात म्हणजे एक पिवळी दुमजली इमारत. एका बाजूला पडद्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला डेंटिस्ट. पहिल्या मजल्यावर ती खिडकी. मी बघत असतानाच तिचा पडदा हलला. वारा अजिबात नव्हता.

संशय येऊ नये म्हणून मी सरळ डेंटिस्टकडे शिरलो. आत गेल्यावर काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून दाढ दुखते म्हणालो. डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, वेळेवर आलात.

दाढ काढली. चळवळीसाठी माणसं प्राण देतात, दाढेचं काय घेऊन बसलात.

७ मार्च

गाल सुजला आहे. आता हा चेहरा सहज लक्षात राहण्यासारखा झाला. काळा गॉगल आणि टोपी घेतली. बाहेर पडताना दोन्ही घालायचं. दर दहा पावलांनी मागे बघायचं. कॅन्टीनमध्ये खांबाच्या आड बसायचं.

एक लांबलचक मुलगा आज दोनदा माझ्या मागे दिसला. लांबूच होता, पण मला आता कोणाचीच खात्री देता येत नाही.

८ मार्च

मीटिंग. मोठी बातमी आहे आणि वाईट आहे. लांबूने सांगितलं की आपल्यावर नजर ठेवायला कोणीतरी माणूस सोडलाय. काळा गॉगल, टोपी, एक गाल सुजलेला. सारखा मागे वळून बघतो आणि कॅन्टीनमध्ये खांबाआड बसतो.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी रोज त्याच खांबाशी बसतो, म्हणजे तो माझ्या किती जवळ बसत असेल. नशीब, आज ऊन नव्हतं म्हणून मी गॉगल आणि टोपी रूमवर ठेवून आलो होतो आणि रुमालाने गाल शेकत होतो, त्यामुळे त्याने मला ओळखलं नसणार.

उद्यापासून खांब बदलायचा.

१० मार्च

बाबांना फोन केला. सहज विचारलं की परदेशातलं सरकार आपल्या पाणीपुरवठा खात्यातल्या हेडक्लार्कला काही करू शकतं का. बाबांनी मागचा टीव्ही बंद केला. मग म्हणाले, काय करून ठेवलंयस. मी म्हटलं, जनरल नॉलेज. मग फोन आईने घेतला आणि जेवतोस का विचारलं. आईचा आवाज ऐकून माझ्या तोंडून आई गं निघालं. दाढेमुळे असेल.

संध्याकाळी पाहुण्याला विचारलं, समजा, उद्या मला तुझ्या देशात यावं लागलं तर. मला म्हणायचं होतं की ते मला विमानतळावरच धरतील का. त्याला वाटलं मी फिरायला येतो म्हणतोय. इतका खूश झाला की त्याने कागदावर घराचा नकाशाच काढला. नदीकडून दुसरी गल्ली. खिडकीपाशी एक वेताची खुर्ची आहे, ती फक्त पाहुण्यांसाठी, आई दुसऱ्या कोणाला बसू देत नाही. तुला बसवेल हं बाळा, म्हणाला. आपली भाषा तो मेसच्या मावशींकडून शिकला, त्यामुळे सगळ्यांना बाळा म्हणतो. रेक्टरलासुद्धा.

माझा प्रश्न राहूनच गेला.

१२ मार्च

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते भित्र्यांचं झालं. माझ्या मागे खरोखरच कोणीतरी आहे. आज मेसपासून होस्टेलपर्यंत पावलं ऐकू आली. मी थांबलो की थांबायची. पळालो तर तीही पळाली. रूमवर येऊन दार लावल्यावर कळलं की चपलेला पिशवी अडकली होती. पण म्हणून नेहमी पिशवीच असेल असं नाही.

दुपारी दोन्ही काखांत कांदे ठेवून झोपलो. शाळेत असताना याने हमखास ताप यायचा. हा पळपुटेपणा नव्हे. नेत्याने आपल्या शरीराची परीक्षा घ्यावी.

ताप आला नाही. पाहुण्याला मात्र वाटलं, आलाय. त्याने लेक्चर बुडवून माझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, माझे कपडे धुऊन टाकले आणि बुटांच्या तुटलेल्या नाड्या काढून स्वतःच्या लाल नाड्या ओवल्या. पंधराला पुढे उभं राहायचंय, पाय अडकायला नको, म्हणाला. खोलीत कांद्याचा वास कसला येतोय, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

१४ मार्च

शेवटची मीटिंग. मास्क तयार आहेत. होस्टेलच्या जुन्या चादरींचे, कपाळापासून हनुवटीखालपर्यंत, डोळ्यांपुरती भोकं. अध्यक्षबाईंनी स्वतः शिवले. अकरा मुलं, अकरा मास्क.

मी विचारलं की एक-दोन जादा असलेले बरे नाहीत का. बाई म्हणाल्या, कशाला.

रात्री आडवं पडलो की छातीत कोणीतरी दार वाजवतंय असं वाटतं. पलीकडच्या कॉटवर पाहुणा घोरतोय. एवढं शांत कसं झोपता येतं याला? मी पुढे आहे म्हणून असेल.

१५ मार्च, सकाळ

घोडामैदान जवळ आलं. आंघोळ केली. दाढी केली. चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. तीनदा संडासला जाऊन आलो. मी तयार आहे.

१५ मार्च, संध्याकाळ

घडलं तसं लिहितो.

वकिलातीच्या मागच्या गल्लीत जमलो. मास्कची पिशवी बाईंच्या स्कूटरला अडकवलेली. जरा लक्ष ठेव, म्हणून बाई पोलिसांशी बोलायला गेल्या. मी लक्ष ठेवलं. पिशवीत हात घालून एक मास्क बघितला. शिवण नीट आहे का, एवढंच. डोळ्यांची भोकं नीट आहेत का हे घातल्याशिवाय कळत नाही, म्हणून घातला.

आत ऊबदार होतं. खिडकी बारकी दिसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं नाही. काढतो, काढतो म्हणेपर्यंत तिकडची मुलं आली, एकेकाने मास्क घेतला, आणि सगळे निघाले तसा मीही निघालो. मागच्या रांगेत गेलो. मोर्चा मागूनच नीट दिसतो, हेही आहे.

पाहुणा शेवटी आला. नेहमीचंच आहे, सगळ्यांना पुढे घालून मग स्वतः. त्याने पिशवीत हात घातला. मग पिशवी उलटी करून झटकली. बाईंनी त्याचा दंड धरून सांगितलं की गल्लीतूनच होस्टेलवर जा, आत्ताच्या आत्ता, तोंड खाली घालून. तो वळला होता. मी स्वतः बघितलं, वळला होता.

तेवढ्यात पुढे लांबू माझ्या नावाने ओरडायला लागला. उजव्या काठीला कोणीच नव्हतं. डावी बाजू उंच आणि उजवी लोंबत खाली, पार गटारापर्यंत. भावाचा फोटो त्याच टोकाला. हनुवटीपर्यंत पाण्यात गेला होता.

मी ओ दिली नाही. मास्कमधल्या माणसाने आवाज काढायचा नाही, हा समितीचाच नियम आहे. आणि पाय हलत नव्हते. हे कारण नाही, पण हलत नव्हते.

पाहुणा थांबला. त्याने आमच्या रांगेवरून नजर फिरवली, चेहऱ्यांवरून नाही, पायांवरून. लाल नाड्यांपाशी नजर थांबली. मग त्याने जाऊन काठी उचलली आणि शर्टाच्या बाहीने भावाची हनुवटी पुसली. तोंड उघडं. वर खिडकीतला पडदा पूर्ण बाजूला झाला.

मास्कच्या आत मी घोषणा दिल्या. बऱ्याच दिल्या.

१६ मार्च

पेपरात फोटो आला. खाली लिहिलंय: परदेशी विद्यार्थ्यांच्या पाठीशी उघड्या चेहऱ्याने उभा राहिलेला स्थानिक तरुण. म्हणजे पाहुणा इथलाच आहे असं जगाला वाटलं. मी धावत जाऊन त्याला दाखवलं, झालं ना काम. तो म्हणाला, वकिलातवाले पेपर वाचून माणसं ओळखत नाहीत, बाळा.

त्याच्या मागे मास्कमध्ये मी दिसतो. मला ओळखणं अशक्य आहे.

बाईंनी मास्क एक कसा कमी पडला याची चौकशी लावली. मी म्हटलं, शिवतानाच चूक झाली असेल. पाहुणा तिथेच होता. तो म्हणाला, असेल.

१८ मार्च

वकिलातीतून पाहुण्याला फोन आला. पासपोर्ट घेऊन भेटायला या. तो गेला नाही. गेलेल्यांचे पासपोर्ट परत मिळत नाहीत, म्हणे.

संध्याकाळी शेजारणीच्या फोनवरून त्याच्या आईचा फोन. घरी दोन माणसं आली होती. त्यातला एक खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसला, न विचारता. त्याने आईपुढे फोटो धरला आणि विचारलं, हा तुझाच ना. आईला दिसेना. तिने फोटो हातात घेऊन चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला आणि म्हणाली, माझाच, पण वाळलाय.

मग तिने मुलाला सांगितलं की येऊ नकोस. एका डोळ्याने माझं भागतं.

हे सगळं पाहुण्याने माझ्या भाषेत मला सांगितलं, शब्द शोधत शोधत. वाळलाय हा शब्द त्याला मावशींमुळे माहीत होता. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, चहा घेणार का.

२० मार्च

सुट्टी लागली. होस्टेल रिकामं झालं. पाहुण्याने तिकीट रद्द केलं. रेक्टरने त्याला राहायची परवानगी दिली आहे, मावशीही डबा देणार आहेत. एकूण व्यवस्था चांगली झाली.

त्याला आमच्या घरी चल म्हणणार होतो. मग वाटलं, तो पाळतीवरचा गॉगलवाला अजून सापडलेला नाही, आणि बाबांची नोकरी पाच वर्षं राहिली आहे. पुढच्या सुट्टीत नक्की.

माझी बॅग त्यानेच भरली. मला कपड्यांच्या घड्या घालता येत नाहीत. पंधरा तारखेचे कपडेही त्याने धुऊन ठेवले होते. गेटपर्यंत आला. म्हणाला, पोचलास की फोन कर, बाळा.

२१ मार्च

घरी पोचलो. संकल्प: या सुट्टीत एक सविस्तर लेख लिहिणे, पहिल्या रांगेचं महत्त्व. लवकर उठणे.

फोन अजून केला नाही. रेंज कमी आहे.

दुपारी आईने बॅग उघडली. रुमालांच्या गठ्ठ्यात मास्क निघाला. धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी. डोळ्याच्या भोकाची शिवण माझ्याकडून उसवली होती, ती लाल दोऱ्याने परत घातलेली.

आईने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, हे कोणाचं रे.

म्हटलं, मित्राचं आहे. चुकून माझ्याकडे आलं.