बुडालेली बारी

नाना,

तुमचा प्रोग्राम मी फोडला. हे आधीच सांगून टाकते, कारण आईनं तुमच्या फोटोसमोर माझी तक्रार केलीच असणार. "त्यासनी येवढं बांधं, आनि तू फोडी ऱ्हायनी?" असं म्हणून ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तुम्ही गेल्यावर काकांनी मळ्याचे वाटे केले, तेव्हापासून 'वेगळं' हा शब्दच तिला सोसत नाही. मी म्हटलं, अगं आई, मोडत नाहीये, सुटं करतेय, ज्याला जेवढं लागतं तेवढंच मिळावं म्हणून. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुन्हा काकासनी बी आसंच सांगेल व्हतं." तुम्ही तरी काय बोलला असता?

पण माझाही नाइलाज होता हो. अक्कलकुव्याच्या पुढे डोंगरात संस्थेचे जे दवाखाने आहेत, त्यांच्यासाठी तुम्ही नंदुरबारच्या कचेरीत बसून हा प्रोग्राम लिहिलात. पेशंटची नोंद, औषधं, औषधाची गाडी, कामावरच्यांची हजेरी, सगळं एकात. तेव्हा ते शोभलं. सीडी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात घालायची, एसटीनं वर जायचं, एकेका दवाखान्यात बसवून यायचं. "बठ्ठं एकच ठिकाने ऱ्हावाले जोयजे, मानूसले परत खाले उतरनं पडाले नको," असं तुम्ही म्हणायचात. आता तो प्रोग्राम मी सांभाळते आणि तो केवढा तरी फुगलाय. वर नेट येतं न येतं. औषधांच्या भागात एक ओळ बदलली तरी अख्खा प्रोग्राम पुन्हा उतरवून घ्यावा लागायचा, आणि अर्ध्यावर तुटायचा. सगळ्यात वरच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं शेवटी कंटाळून नादच सोडला. तिच्याकडच्या गोळ्या संपत आल्या तरी खाली आम्हाला पत्ता नाही. सिकलसेलची पोरं आहेत तिच्याकडे, नाना. त्यांच्या गोळ्यांत खंड पडून चालत नाही.

म्हणून मी ठरवलं की पेशंट, औषधं, गाडी, हजेरी, प्रत्येकाचं वेगळं पॅकेज करायचं. सिस्टरनं फक्त औषधांचं घ्यावं, इन्स्टॉल करावं आणि कामाला लागावं. ठरवायला काय जातंय! तुमचं लिखाण उघडलं आणि डोकं धरून बसले. एका भागाला हात लावावा तर दुसरा ओरडतो. आणि या सगळ्याच्या मधोमध आपला कोरीटचा मळा!

तो मळा तिथे आहे हे काही गुपित नव्हतंच. विहीर एक, तुम्ही भाऊ चार, केळीला पाणी द्यायची पाळी कोणाची यावरून रोज कटकट, म्हणून तुम्ही पाण्याच्या बाऱ्या त्याच प्रोग्राममध्ये घातल्यात. 'मळा' नावाचं बटण दवाखान्यांतसुद्धा दिसायचं. सिस्टर फोनवर चिडवायच्या, "नाना, आज केळीला पाणी आहे का?" आणि तुम्ही खरंच बघून सांगायचात. मी इंजिनिअरिंगला होते तेव्हा एकदा सुट्टीत तुमच्या कचेरीत आले होते. तुम्ही खुर्चीवर मांडी घालून बसलाय, डब्यातली वांग्याची भाजी कीबोर्डच्या शेजारी, आणि मी नुकतीच शिकलेली अक्कल पाजळतेय, की शेताचं दवाखान्यात कशाला घुसवलं, दोन वेगळे प्रोग्राम करा. तुम्ही घास खाली ठेवलात. "मी मानूस एकच शे ना? मंग प्रोग्राम दोन कसाले?" आवाज असा चढला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मग पुढे दिवसभर अबोला. संध्याकाळी स्टँडवर मात्र गुपचूप माझ्या हातात भज्यांचा पुडा. असे होता तुम्ही. हट्टी! भांडण मिटवायचं असलं तरी तोंडातून शब्द फुटायचा नाही.

तर या वेळी मी मळा कापला. सरळ. म्हटलं, केळीचं दवाखान्याशी देणंघेणं नाही, उरलेलं सुटं करून पाठवूया. गाडीचं पॅकेज आमच्या कचेरीत टाकलं, औषधांचं वर पाठवलं. सिस्टरकडे ते चहा होईपर्यंत उतरलं. ती खूश, मीही खूश. त्याच आठवड्यात घाटात दरड आली आणि औषधाची गाडी तिच्या दवाखान्याच्या अलीकडूनच परत फिरली. पुढच्या फेरीला गाडी कुठे कुठे जाणार ते प्रोग्रामनं सांगितलं, त्यात तिचं नाव सगळ्यात शेवटी. ती यादी वर कळवली तसा तिचा फोन आला. आमच्याशी ती नेहमी शाळेतलं स्वच्छ मराठी बोलते. "मॅडम, आमची गाडी हुकली ना? मग आम्ही पहिले असतो. नेहमी पहिले असतो. नानांच्या वेळेपासून."

गाडी फोन करून आधी तिच्याकडे वळवली, गोळ्या वेळेत पोचल्या, आणि मग मी पुन्हा तुमचं जुनं लिखाण काढून बसले. गाडीच्या भागात हा नियम कुठेच नव्हता. तो होता मळ्यात. लाइट गेली आणि एखाद्या भावाची बारी बुडाली, तर त्याचा नंबर मागे जायचा नाही. लाइट आली की आधी त्याला पाणी, मग बाकीच्यांना. धाकट्या काकांची बारी तीनदा ओळीनं बुडाली होती, त्यांची केळी करपली होती, आणि चौघं भाऊ विहिरीवर एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. मी लहान होते, आईच्या पदरामागून बघत होते. त्यानंतर तुम्ही तो नियम घातलात. आणि पुढे दवाखान्यांच्या गाड्यांचं लिहिताना वेगळा विचार केलाच नाहीत, तोच वापरलात. वरच्या दवाखान्यांना तुम्ही भावांच्या रांगेत बसवलं होतंत, आणि मी ते केळीचं म्हणून कापून टाकलं. खूप रडले हो त्या दिवशी, कचेरीतच.

आता नीट केलंय. तेवढा नियम बाहेर काढून त्याचं सगळ्यात लहान पॅकेज केलं, नाव 'बारी'. कोणीही कुठलाही भाग घेतला तरी आधी ते बसतं, आपोआप, आणि त्याच्यावर बाकीचं उभं राहतं. आईला हे सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. तिनं विचारलं, "मंग आते मळा कोठे शे?" मी म्हटलं, तोही वेगळा ठेवलाय, ज्याला हवा त्यानं टाकून घ्यावा. "कोन टाकी?" ती म्हणाली. खरं होतं. विहिरीवर आता मोटरसुद्धा नाही, काकांनी आपापले बोअर केले.

हे पत्र लिहून मी माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवणार, दुसरं कुठे? पण एक गोष्ट आईला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. मळ्याचं पॅकेज एकीनं टाकलंय. मीच, माझ्या मशीनवर, तुमच्या जुन्या नोंदींसकट. उघडलं की वर येतं, 'आज पाणी: नाना'. काल तेच, आज तेच. तुम्ही गेलात त्या आठवड्यातली तुमची बारी बुडाली, पाणी कोणी दिलंच नाही ना, म्हणून तुमच्याच नियमानं तुमचा नंबर अजून पहिला आहे. खाली 'पाणी दिलं' असं बटण आहे. ते दाबलं की नाव पुढे सरकेल, काकांचं येईल. रोज त्याच्यावर बोट नेते, नाना. अजून दाबलेलं नाही.