पेनीचा स्वभाव

पिट्सबर्ग
२८ ऑगस्ट १९८८

ती. आजोबांस,
ग्वेनचा सा. न. वि. वि.

वसतिगृहात कुत्रा-मांजर सोडाच, सापाचं नाव काढलं तर मलाच बाहेर काढतील. म्हणून पेनीला तुमच्या गळ्यात मारलंय, हे कबूल. पण दोन वर्षांपूर्वी ती तुमच्याच शेणखताच्या ढिगातल्या अंड्यातून निघाली होती, तेव्हा माहेरी आलीय असं समजा. तिचा स्वभाव सांगते. भित्री आहे, दुष्ट नाही. हातात घेतलंत की आधी धडपडेल, शेपूट थरथरवेल, मग असा घाण वास सोडेल की तुम्हाला दोनदा अंघोळ करावी लागेल. तरी लगेच खाली ठेवू नका, नाहीतर वास सोडला की सुटका होते एवढंच ती शिकेल. रोज दहा मिनिटं, न दाबता, या हातातून त्या हातात जाऊ द्या. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका. आणि पेटीच्या झाकणावर वीट ठेवा, तिला बोटभर फट पुरते.

आता दुसरं. आईनं तुमच्यासाठी मागची खोली रंगवायला घेतलीय. जानेवारीत तुम्ही गोठ्यात पडून चार तास गारठत होतात, ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. मलाही वाटतं, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला की तुम्ही गावात तिच्याकडे राहायला जावं. एकट्यानं किती दिवस काढणार?

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची ग्वेन


लॉरेल क्रीक
११ सप्टेंबर

चि. ग्वेनला,
ऑरिन आजोबाचे अनेक आशीर्वाद.

पहिल्याच दिवशी तुझ्या लाडकीनं माझ्या रविवारच्या सदऱ्याची वाट लावली. चर्चमध्ये शेजारचा हार्लन दोन बाकं मागे जाऊन बसला. वर मला अक्कल शिकवतो, की हे साप गाईचं दूध पितात, मारून टाक. मी म्हटलं, बाबा रे, पन्नास वर्षं दूध काढलंय. हात गार लागला तरी गाय लाथ झाडते, ती सापाचे दात लावून घेईल होय आचळाला?

बाई हट्टी आहे, पण मी तिचा आजोबा. बारा दिवस वास खाल्ला. काल पहिल्यांदा ती मुकाट्यानं माझ्या बाहीत शिरून बसली.

आईला सांग, खोली भाड्यानं दे. मी येणार नाही. माझे पाय डळमळतात, डोकं नाही. एकट्या माणसाला घर खायला उठतं म्हणतात. मला नाही उठत. सकाळची कॉफी मी कोणाशी न बोलता पितो, आणि ती मला गोड लागते.

अभ्यास कर. पत्राला आळस नको.
आजोबा


लॉरेल क्रीक
२ ऑक्टोबर

चि. ग्वेनला अनेक आशीर्वाद.

लिहिताना लाज वाटते. गोठ्यात फळीखाली वीतभर पिल्लू सापडलं, पेनीच्याच जातीचं, तसेच तांबडे डाग. आमच्या धंद्यात गाय एकटी ठेवत नाहीत. हंबरून हंबरून खाणं सोडते, दूध आटवते. बेसी शेवटची उरली तेव्हा तिच्या सोबतीला मी बकरी आणली होती. पेनी दिवसभर कोपऱ्यात एकटी, मला बघवेना. पिल्लू पेटीत सोडलं आणि म्हटलं, "घे बाई, सोबत."

सकाळी पेटीत पेनी एकटीच होती, पोट फुगलेलं.

तुझी चूक नाही. मी विचारलं नाही, गाईचं मन सापाला लावलं. ते पिल्लू माझ्या भरवशावर आत गेलं होतं, हे मला फार लागलंय.

हे पत्र आईला वाचून दाखव. टोमणा नाही म्हणावं. सोबत देणाऱ्याची माया खोटी नसते, पण कोणाला देतोय ते आधी बघावं लागतं.

लोभ आहेच, चूक पोटात घाल.
आजोबा


वेस्ट मिल्टन
१६ ऑक्टोबर

ती. बाबांना,
लोरेटाचा शि. सा. नमस्कार.

ग्वेननं फोनवर पत्र वाचून दाखवलं. आधी हसले, मग भांडी घासताना रडले. तुमचं म्हणणं कळलं. सापाचा स्वभाव ऐकला, आता लेकीचा ऐका.

आई गेली तेव्हा मी वाटेत पेट्रोल भरत होते. तुम्ही पडलात, तेही मला हार्लननं दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती खोली मी तुमच्यासाठी नाही हो रंगवली, स्वतःसाठी रंगवली. मला पुन्हा उशिरा पोचायचं नाही. ग्वेन गेल्यापासून संध्याकाळी शाळेतून आले की मी दिवा न लावता बसून राहते. तुम्हाला एकटं राहणं जमतं, बाबा. मला जमत नाही.

तुमची कृपा असू द्या, एवढंच मागते.
लोरेटा


लॉरेल क्रीक
२३ ऑक्टोबर

चि. लोरेटाला,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मला वाटत होतं, तू मला म्हातारा समजतेस. पोर घाबरलीय, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

मी इथून हलणार नाही. ते ठरलंय, त्यावर बोलू नकोस. पण तुझ्या जिवाला घोर लावून मी कसला स्वतंत्र? वरची पूर्वेकडची खोली तुझ्यासाठी झाडून घेतलीय. गादी उन्हात टाकलीय. सामान आणायला हार्लनचा ट्रक सांगून ठेवलाय. सकाळी कॉफी संपेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही, एवढी एकच अट.

तुला वाटेल, नोकरीचं काय. शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघून तुझ्या शाळेच्या फाटकापर्यंत गाडी चालवून पाहिली. अडतीस मिनिटं लागली. येताना तुझ्या दारावरून आलो. आत दिवा नव्हता. तू शाळेला निघून गेली होतीस, की तशीच अंधारात बसली होतीस, कळलं नाही. दार वाजवायला हवं होतं. शनिवारी मी स्वतः येतो आणि वाजवतो.

तुझे बाबा