माझा चाळिसावा आणि रालित्साचा लॅपटॉप

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा, स्पासचा, तुझ्या हाताला ओठ लावून नमस्कार.

आधी तुझे गुडघे. चौथ्या मजल्याच्या जिन्याने ते पार खाल्ले असं तू ईस्टरच्या पत्रात लिहिलं होतंस, आता कसे आहेत? दारूत मुरवलेले रानचेस्टनट पाठवले होते, ते चोळतेस ना? (मेतोदी भाऊजींच्या हाती बाटली लागली असेल तर ती आतून चोळली गेली असणार.) भाऊजींचं ब्लडप्रेशर काय म्हणतं? कानातलं नवं यंत्र ते कानात घालतात, की खराब होईल म्हणून अजून कपाटातच जपून ठेवतात? म्हाताऱ्या मांजरीचा डोळा उघडला का? आणि खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंची कंबर? त्यांना माझा नमस्कार सांग, कंबर बरी असेल तरच जोरात सांग.

इकडे सगळे ठीक आहेत. माझ्या तब्येतीबद्दल मात्र गावात दोन मतं आहेत, आणि दुसऱ्या मताचे लोक जास्त आहेत. पण ते क्रमाने सांगतो, नाहीतर तू चष्मा काढून रडायला बसशील आणि पत्र अर्धंच राहील.

आपल्या नातीला, रालित्साला, तिकडे सोफियात कलेच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला, हे तुला फोनवर कळलंच आहे. हलती चित्रं काढायला शिकणार आहे ती. इल्को ट्रक घेऊन जर्मनीत, तो म्हणाला बाबा तुम्हीच बघा. राहिली सूनबाई. नेद्काचं म्हणणं असं की चित्रांनी पोट भरत नाही, आणि त्यासाठी लागणारा लॅपटॉप सप्टेंबरातल्या क्रूसाच्या सणापर्यंत घरात आला तर पोरीने खुशाल जावं, नाहीतर जिल्ह्याच्या गावी हिशेबनिशीच्या वर्गात बसावं. तिथल्या बाईंशी तिचं बोलणंही झालं होतं.  रालित्सा नुसती माझ्याकडे बघत राहिली. तुला माहीतच आहे, मी कुणी न शिकवता रेडिओ उघडायला शिकलो तेव्हापासून या घरात ज्या ज्या वस्तूला वायर आहे ती माझी. मी म्हणालो, लॅपटॉप मी आणतो.

मग मी अभ्यासाला लागलो. (हसू नकोस. या वयातही डोक्यात थोडी जागा आहे.) तिच्या शिक्षकांनी कळवलं होतं की मेमरी भरपूर हवी, चित्रांसाठीची चिप वेगळी हवी, पेनने काढता आलं पाहिजे आणि स्क्रीनवरचे रंग खरे हवेत. मेमरीचं कोडं मला आठवडाभर सुटेना. शेवटी ते असं आहे, ताई: साठवण म्हणजे कपाट आणि मेमरी म्हणजे ओटा. कपाट कितीही मोठं असलं तरी ओटा हातभर असेल तर दहा माणसांचा स्वयंपाक होत नाही. हलत्या चित्रात दहा नाही, हजार पानं एकदम ओट्यावर मांडावी लागतात. हे मी दुकानातल्या मुलाला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आजोबा, तुम्हीच या काउंटरमागे.

रंगांची परीक्षा मात्र माझी स्वतःची. परसातला एक मोठा गुलाबी टोमॅटो मी रुमालात बांधून नेला, आणि तोच टोमॅटो हातात धरून, त्याच्याकडे बघत बसलेला माझा फोटो रालित्साने पेनड्राइव्हवर घालून दिला होता. फोटो स्क्रीनवर लावायचा, शेजारी खरा टोमॅटो धरायचा, आणि त्याच्याशेजारी माझं खरं तोंड. एका लॅपटॉपवर टोमॅटो वांग्यासारखा दिसला. एकावर टोमॅटो बरा होता पण मला कावीळ झाली होती. तिसरा पोरांच्या खेळांसाठीचा, दणकट. पण त्याची बटणं भट्टीसारखी लाल पेटायची आणि पंखा असा घोंघावायचा की दुकानातल्या बाईने वारा सुटला समजून खिडकी लावून घेतली. संध्याकाळच्या बसने मी आणि टोमॅटो परत आलो. दोघेही जरा नरम पडलो होतो.

तेव्हा मला मिन्चोची आठवण झाली. मिन्चो म्हणजे आपल्याकडे काळ्या चौकटीचे कागद छापायचा तो. गावातलं कुणी गेलं की फोटो त्याच्याकडे, मग चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाला पुन्हा; फाटकांवर, बसथांब्यावर, चर्चच्या दारावर आपली सगळी माणसं त्याच्याच हातून लागलेली. माझी दोन्का मला एकटं टाकून गेली तेव्हा तिचेही त्यानेच केले होते. ओळखपत्रावरच्या चेपलेल्या फोटोतून तो माणसाला असा रंगरूपाला आणायचा की घरचे म्हणायचे, जिवंतपणी कधी एवढे टवटवीत नव्हते. त्यासाठी त्याने चांगल्यातला लॅपटॉप घेतला होता: ओटा प्रशस्त, चिप वेगळी, पेन सोबत. या वसंतात तो स्वतःच गेला, आणि त्याची बायको केराना लॅपटॉप विकायचा म्हणत होती.

मी दुपारी गेलो. केरानाने चहा ठेवला आणि मला लॅपटॉपपुढे बसवलं. ताई, त्या स्क्रीनवर टोमॅटो असा उमटला की मला वास आला. पंख्याचा आवाज शून्य. पेनड्राइव्ह लावताच फोटो आपणहून एका सुबक चौकटीत जाऊन बसला, खाली नाव विचारणारी रिकामी जागा आली. मी म्हटलं, बरोबर आहे, नव्या मालकाचं नाव विचारत असेल, म्हणून माझं नाव घातलं, आणि एक मोठं हिरवं बटण होतं ते दाबलं. (चष्मा दुसऱ्या कोटात होता. तू आता जे म्हणते आहेस ते नेद्काने आधीच म्हणून झालंय.) काही झालं नाही. शेजारच्या खोलीत काहीतरी गुणगुणायला लागलं, मला वाटलं फ्रीज. सौदा ठरवला, लॅपटॉप बगलेत मारला आणि घरी आलो.

गुणगुणत होता तो प्रिंटर. आणि त्या घराची रीत अशी की जन्मभर मिन्चोने छापायचं आणि केरानाने गोंदाचा डबा घेऊन गावभर चिकटवायचं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तोंडं तिला दिसत नाहीत, भिंती दिसतात. नंतर मी तिला विचारलं, बाई, कुणाचा कागद आहे एवढं तरी विचारायचं. ती म्हणाली, "तो गेल्यापासून प्रिंटर गप्प होता, स्पासदादा. तो बोलायला लागला. मला वाटलं, मिन्चोने हाक मारली." 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाव आणायला निघालो. समोरची जीना अंगणात मिरच्या भाजत होती. मी रोजच्यासारखं शुभ सकाळ म्हटलं. तिने भाजलेली मिरची हातातच धरली, दुसऱ्या हाताने क्रूस केला आणि आत गेली. वाटेत दोघांनी टोप्या काढल्या, पण माझ्याकडे बघून नाही, माझ्या थोडं मागे बघून. बेकरीत वासिलने माझा पाव कागदात गुंडाळला, पैसे घेईना. त्याची बायको काही विचारणार होती, तर तो हळूच तिला म्हणाला, "उत्तर देऊ नकोस. आज निघायचंय त्याला. शेवटचा पाव घ्यायला आलाय बिचारा."

बाहेर येऊन बसथांब्यावर पाहिलं तेव्हा उलगडा झाला. दोन्काच्या कागदाशेजारी मी. काळी चौकट, खाली माझं नाव, वर ठळक अक्षरांत "तुझ्याविना चाळीस दिवस". (ती चौकट मिन्चोच्या स्वतःच्या चाळिसाव्याची, लॅपटॉपमध्ये राहून गेलेली, हे मागाहून कळलं.) म्हणजे मी मेलो हे कळायला गावाला उशीर झाला होता एवढंच. चाळीस दिवस आत्मा ओळखीच्या जागी फिरतो हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा गेले चाळीस दिवस जो स्पास त्यांना बाजारात दिसत होता तो कोण, याचाही हिशेब लागला. कुणी घाबरलं नाही. उलट मला अडथळा नको म्हणून वाट सोडत होते. घरी आलो तर फाटकाशी तीन वाडगे घुगऱ्या, वर साखर आणि अक्रोड घातलेल्या. मी स्वतःच्या चाळिसाव्याच्या घुगऱ्या खाल्ल्या, ताई. जीनाच्या जरा कच्च्या होत्या.

हसण्यावारी नेलं खरं, पण तुला म्हणून सांगतो. उन्हाळ्यात एकदा मी त्या मोठ्या अक्रोडाखाली झोपलो होतो. अक्रोडाखाली झोपू नये असं आई आपल्याला किती ओरडायची. उठलो तेव्हा ऊन होतं पण अंगाला लागत नव्हतं. तेव्हापासून राकियाची दारूही पाण्यासारखी लागते. कॅलेंडर काढून मोजायचं धाडस मला झालं नाही. आणि दुसरं असं, फोटोत मी हातातल्या टोमॅटोकडे खाली बघत होतो. कागदाच्या खालच्या कडेला टोमॅटोचा एक तुकडा तसाच राहिला होता, पण मी समोर बघत होतो. सरळ, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांत.

हे सगळं नेद्काच्या कानावर गेलं. ती फाटकावरचा कागद फाडून घेऊनच आत आली. म्हणाली, "बाबा, या यंत्राने जिवंत माणसाचा चाळिसावा घातला. त्याच्यावर माझी पोर शिकणार? उद्या हिशेबाच्या वर्गात तिचं नाव घालते." दुसरा लॅपटॉप आणायला ना वेळ होता ना ऐपत, सण परवावर आलेला. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला बसलो, पण तो मुद्दाच नव्हता. मी जगलो काय मेलो काय, रालित्साचं जाणं त्या कागदाने बुडवलं होतं.

रालित्साने वाद घातला नाही. लॅपटॉप उचलला, मागच्या खोलीत गेली आणि दार लावलं. मी आणि नेद्का अंगणात भाजलेल्या मिरच्या सोलत बसलो. नेद्का मिरच्यांची सालं जिवंत असल्यासारखी ओढत होती. ऊन कलायला लागलं तेव्हा रालित्साने दोघांना आत बोलावलं.

स्क्रीनवर दोन्का होती. मिन्चोने केलेला तिचा तोच फोटो, दोन वर्षं गावभर लागलेला, मला झोपेतही दिसणारा. मी म्हणालो, पोरी, हे कशाला? आणि तेवढ्यात दोन्काने पापण्या मिटल्या. उघडल्या. जराशा ओलसर, जशा तिच्या चुलीपुढे असायच्या. मग तिने मान वळवली, सावकाश, आणि माझ्या खांद्यावरून खिडकीकडे पाहिलं. मी खाली बसलो. नेद्का माझ्या आधीच बसली होती, मिरच्यांचे हात न धुताच. ती म्हणाली, "आई अशाच बघायच्या. मी पडदे उलटे लावले की." आम्ही तिघांनी खिडकीकडे पाहिलं. पडदे उलटे होते.

रालित्सा म्हणाली, "आजोबा, गावभर सगळे समोर बघत उभे आहेत. त्यांना हलायला कुणी सांगितलंच नाही."

नेद्का उठली, पडदे काढून सुलट लावले आणि माळ्यावरची मोठी बॅग काढायला गेली. झालं. पोरगी जाणार. केरानाने गरम पाणी घेऊन माझे बरेचसे कागद खरवडले, चर्चच्या दारावरचा तेवढा निघत नाही. आता निम्म्याहून कमी गाव मला दादा म्हणतं, बाकीचं अजून वाट सोडतं. भूतखेत असलं मी काही मानत नाही, हे तुला माहीत आहेच. यंत्र म्हटलं की गडबड चालायचीच.

भाऊजींना नमस्कार, मांजरीला प्रेम.

तुझा (अजून इथलाच),
स्पास

ता. क. मूळ गोष्ट राहिली. रालित्साला वसतिगृहात जागा मिळाली नाही. तुमची ती बाजूची खोली, जिच्यात भाऊजी मासे धरायच्या काठ्या ठेवतात, ती तिला द्याल का? कमी खाते, आवाज करत नाही. भिंतींवर काढेल, पण चांगलं काढेल. सोबत लॅपटॉप असेल.

ता. क. आणखी एक, आणि हे नेद्काला बोलू नकोस. काल रालित्साने मला बाजूला घेऊन सांगितलं की तिने फक्त पापण्या हलवल्या होत्या. म्हणाली, "मान वळवायला मला अजून येत नाही, आजोबा. तेच तर शिकायला चाललेय." तेव्हा लॅपटॉप खिडकीपाशी ठेव, दोन्काला रस्ता बघत बसायला आवडायचं. आणि ती बोलायलाच लागली तर घाबरून झाकण लावू नकोस. आधी एवढंच विचार की पिंपात खारवायच्या कोबीला मीठ किती घालायचं. ती गेल्यापासून दोन्ही हिवाळे माझी कोबी मऊ पडली. ती जे सांगेल ते जसंच्या तसं कळव, आणि उत्तर लवकर लिही, पिंप भरायचे दिवस जवळ आलेत.