कमरोद्दीनच्या शेडातली मोटर

४ नोव्हेंबर १९९४

बाबांनी मोटर कमरोद्दीनला देऊन टाकली! कापसाच्या जिनिंगमधून फिटर म्हणून रिटायर झाले तव्हा विकत आणलेली पाच हॉर्सपॉवरची. कितीक वर्षं आमच्याच घरात पडून होती. मी मागितली तर म्हणले, राहू दे. आज हातगाड्यावर घालून रस्त्यापलीकडं, त्याच्या शेडात. मला प्रभावतीनं सांगितलं. बायकोला माहीत, मला न्हाई.

७ नोव्हेंबर

कमरोद्दीन अन् मी दोघंही बाबांच्याच हाताखाली लेथवर लोखंड कातायला शिकलो. दोघांचीही शेडं वाटूरला, समोरासमोर. थ्री फेज वीज येते तेवढा वेळ काम. बाकी वेळ सिंगल फेजवर लेथ फिरत न्हाई, बसून राह्यचं. आता बाबांची मोटर तो सिंगल फेजवरच कन्डेन्सर लावून नुसती फिरती ठेवणार. ती फिरली की तिसरी फेज आपोआप तयार होते, मंग त्याच्यावर लेथ चालवायचा.

कल्पना बाबांची. माझ्याजवळ अवाक्षर काढलं न्हाई.

११ नोव्हेंबर

त्याचा लेथ चालू झाला. आवाज हितं बसून ऐकू येतो. माझं गिऱ्हाईक पुंजाराम पंपाचा शाफ्ट घेऊन आल्ता, माझ्या दारावरून सरळ तिकडं गेला. नमस्कार तेवढा केला.

बाबा सकाळी जातात ते जेवायलाही येत न्हाईत. कमरोद्दीनची बायको चाँदबी भाकर देते म्हणे. आमची भाकर कडू झाली काय?

१२ नोव्हेंबर

जळतं. लिहून थंड होत न्हाई.

१९ नोव्हेंबर

जालन्याच्या भंगारातून तीन हॉर्सपॉवरची मोटर आणली. कन्डेन्सर जोडला, स्विच टाकला — नुसती गुरगुरली, जागची हलली न्हाई. फ्यूज उडाला. प्रभावती म्हणली, मामंजींना विचारा की. तिच्यासाठी विचारलं. वायरी समोर धरल्या, जोडणी बराबर हाय का म्हणलं.

बाबा बसल्या जागेवरून म्हणले, "तुझं तुला जमंल." अन् काठी घेऊन तिकडं निघाले. वायरींकडं बघितलंसुद्धा न्हाई.

पोटचा मी. पोरगा तो.

२३ नोव्हेंबर

पुन्हा फ्यूज. कमरोद्दीननं निरोप धाडला, येऊन माझी जोडणी बघून जा. न्हाई गेलो. मेलो तरी जाणार न्हाई.

२८ नोव्हेंबर

चालली! पुलीला दोरी गुंडाळून झटका दिला, मोटर गरगर फिरायला लागली तसा स्विच टाकला — अन् तिनं वेग धरला. मंग कन्डेन्सर कमीजास्त करत तिसऱ्या फेजचं व्होल्टेज बाकी दोघींच्या जवळ आणलं. दुपारी सिंगल फेजवर माझा लेथ फिरला. घरातला बल्ब मंद होतो. होऊ दे.

एक शाफ्ट आरशावानी काढला अन् बाबांना बोलावणं धाडलं. आले, उंबऱ्यात उभे राह्यले. मान तिरपी करून ऐकलं. म्हणले, मोटर चांगली हाय, लेथचं मागचं बेअरिंग बोलतंय, तेल दे. बस. मी शाफ्ट पुढं धरून उभा, तो हातात घेतला न्हाई. वळून गेले.

जल्मभर असंच. त्याचं वाकडं पण गोड, माझं सरळ पण दिसत न्हाई.

३० नोव्हेंबर

भांडायलाच गेल्तो. कमरोद्दीनला म्हणलं, बाप ठेवून घे कायमचा, तुझाच हाय तो.

त्यानं मला हाताला धरून शेडाच्या मागं नेलं. म्हणला, "चाचाला दिसत न्हाई, भुजंग. साल होत आलं. आता नुसता उजेड कळतो. पोराला कळलं तर मशीनपाशी उभं राहू देणार न्हाई म्हणले. कामाशिवाय मरून जाईन म्हणले. मला शपथ घातल्ती."

आत गेलो. बाबा फिरत्या मोटरच्या अंगावर तळहात टेकवून बसल्ते. माझी चाहूल लागली तसा चेहरा माझ्याकडं केला.

"कोण हाय?" म्हणले.