न्हाणीघरातलं ‘ओइ’

प्रिय कियोताई,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? मुळ्याचं लोणचं पोचलं. (अर्ध्याहून जास्त आमच्या ह्यांनीच संपवलं.)

आता ऐक. आमच्या गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर तू पाहिलंयस. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष, आणि मधली भिंत छतापर्यंत न पोचणारी. आंघोळ आटोपली की आमचे हे पलीकडून ओरडणार, “ओइ! निघालो.” लग्न झाल्यापासून मला हेच नाव आहे. मांजरीला तामा म्हणतात, शेवंतीच्या कुंडीशीसुद्धा लाडाने बोलतात, मी मात्र ओइ. बरं, पलीकडचे सगळेच नवरे त्याच पंथाचे. एकाने ओइ केलं की इकडे सगळ्या बायका साबण अंगावर तसाच ठेवून उठतात, आणि मग ‘तुमचा की आमचा’ ही चौकशी सुरू. मागे एकदा सुतारीणबाई दुसऱ्याच्याच ओइवर बाहेर गेल्या आणि ओल्या केसांनी थंडीत भलत्याच माणसासमोर उभ्या राहिल्या. तो बिचारा आल्या पावली परत आत.

मी पेटले. या शनिवारी सगळ्यांना बजावलं, नावाने हाक आल्याशिवाय कोणी ओ द्यायची नाही.

झालं. पलीकडून ओइ. आम्ही गप्प. पुन्हा ओइ, जरा चिडकं. गप्प. दाराशी गल्ल्यावर पैसे घेणाऱ्या मोतोएबाईंनी (त्यांना दोन्हीकडचं दिसतं, मागच्या जन्मी काय पाप केलं होतं कोण जाणे) तिकडे निरोप दिला, “नावाने बोलवा म्हणतायत.” चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे अब्रूच गेली की! सगळे कढत हौदात बसून राहिले, पण तोंड कोणी उघडेना. मोतोएबाई आम्हाला बातम्या पुरवत होत्या, “तुमचे हे उकडलेल्या खेकड्यासारखे दिसतायत हो.” त्यांना रक्तदाब आहे, मी ओ द्यायला उठलेच होते. पण ताई, खरं सांगते, मला ते ऐकायचंच होतं. आई गेल्यापासून, तू सोडून, मला कोणी फुसाए म्हटलेलं नाही.

आणि आलं. घोगरं, मान खाली घालून म्हटल्यासारखं. “फुसाए... निघू या का?”

मी ओ दिलीच नाही, पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून. दुसऱ्यांदा ते जरा मोठ्याने म्हणाले आणि मला रडू आलं. मग काय, भिंतीवरून नावांचा पाऊसच. (सुताराने घाईत मेहुणीचं नाव घेतलं, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.)

तुझी धाकटी,
फुसाए

ता. क. घरी येताना हे म्हणाले, “आता पुढच्या शनिवारी तू मला नावाने हाक मार. भिंतीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.” माझ्या तोंडून आजवर ‘अहो’च्या पुढे काही गेलेलं नाही, आणि बायका तर आतापासून कान टवकारून बसल्यात. तू भावोजींना नावाने हाक मारतेस ना? पहिल्यांदा कशी मारलीस, ते उलट टपाली कळव. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच.

आणखी एक. वर जी खाडाखोड दिसतेय तिथे त्यांचं नाव नुसतं लिहून बघत होते. तेही जमलं नाही. शनिवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही, तर मला सर्दी झालेली असेल.