सांग तुझ्या मामाला

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

काडीला दमा आहे. मांजरांना दमा होतो हे मला आज कळलं. महिनाभर ती मान लांब करून, जमिनीला चिकटून खोकत होती. मला वाटायचं घशात केस अडकलाय. ताईचं मत, माझ्या बूटपॉलिशचा वास. दोघंही चुकलो, त्यातल्या त्यात मी कमी.

डॉक्टरबाईंनी स्टेरॉइडची गोळी लिहून दिली. रोज सकाळी अर्धी, खाण्यातून. म्हणाल्या, औषध गुणी आहे पण लबाड आहे. भूक, तहान, लघवी थोडी वाढेल. फार वाढली तर लगेच घेऊन या. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका, एकदम बंद केली तर जिवावर बेतेल. आणि गोळी एकाच माणसाने द्या, म्हणजे घोळ होत नाही. मी मान हलवली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ताईनेही हलवली.

चिठ्ठी ताईने उचलून पर्समध्ये टाकली. मी आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. आमच्या घरात जबाबदारीची कामं कोण करतं हे सगळ्यांना माहीत आहे. सगळे म्हणजे आम्ही दोघंच, पण तरी.

६ फेब्रुवारी, सकाळी डेपोत

आजपासून गोळीचं खातं माझ्याकडे. ताई सहाला आंघोळीला जाते तेवढ्यात अर्धा तुकडा चुरला, उकडलेल्या माशात कालवला, वाटी पुढे केली. काडीने चाटून लख्ख केली. ताईला हे जमलं नसतं. शिलाई मशीनवर तिचा हात धरणारं कोणी नाही, पण जनावराला औषध द्यायचं तर अंगात धोरण लागतं. मी याबद्दल तिच्या कानावर काही घालणार नाही. काम करून मिरवायचा माझा स्वभाव नाही.

नोंद असावी म्हणून लिहितो. ताई माझ्याशी बोलत नाही. म्हणजे मी तिच्याशी बोलत नाही. मागच्या ऑगस्टमध्ये चुलतभाऊ आला होता. त्याच्यासमोर ती हसत हसत म्हणाली की डेपोच्या लाउडस्पीकरवर हा काय बोलतो ते एकाही प्रवाशाला कळत नाही, माणसं आपली बसची पाटी वाचून चढतात. माझी अर्धी हयात त्या माइकसमोर गेली आहे. तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं काडीमार्फत. ताई तिला म्हणते, सांग तुझ्या मामाला, गॅस संपत आलाय. मी म्हणतो, सांग तुझ्या आत्याला, समजलं. म्हणजे ताईच्या मते काडी तिची मुलगी आणि माझ्या मते माझी. तो वाद वेगळा.

ताईने एकदा 'चुकलं' म्हटलं की मी मोठ्या मनाने सगळं विसरणार आहे. तो दिवस जवळ आलाय असं मला वाटतं.

१४ फेब्रुवारी

खोकला गायब! काडी खिडकीत बसून कबुतरांना शिव्या देते. ताई दुपारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, बघ, औषध रोजच्या रोज पोटात गेलं की कसं बरं वाटतं. हे सरळसरळ माझं कौतुक आहे. नाव घेतलं नाही, ते ठीक. अबोल्यात नाव घेत नसतात.

२३ फेब्रुवारी

भूक जबरदस्त. काडी कचऱ्याच्या डब्यात डोकं घालून सापडली. काल तिने ताईच्या हातातला पाव ओढून घेतला. पूर्वी वास घेऊन तोंड फिरवणारी ही. आम्ही तिला आणली तेव्हा नुसती हाडं होती, म्हणून तर काडी. अंग धरतेय. मला फार समाधान वाटलं.

तहानही वाढली आहे. स्वतःचं भांडं संपवून बाथरूमच्या बादलीकडे जाते. भरपूर पाणी पिणं तब्येतीला उत्तम, हे सगळेच डॉक्टर सांगतात. ठराव: मीही जास्त पाणी पिणार.

५ मार्च

डेपोजवळच्या केमिस्टकडे गोळ्या संपल्या होत्या म्हणून घराच्या कोपऱ्यावरच्याकडे गेलो. तो म्हणाला, हीच गोळी ना, तुमच्या ताई नेतात नेहमी.

मी गोळ्या घेऊन निघालो. चालता चालता उलगडा झाला. ताईचे गुडघे! जिना चढताना दोनदा थांबते. लोक गुडघ्यांसाठी स्टेरॉइड घेतात, मी ऐकलंय. बिचारी मांजरीच्या चिठ्ठीवर स्वतःचं औषध आणते आणि अभिमानापायी कोणाला सांगत नाही. मला भरून आलं. विचारावं असं खूप वाटलं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि आधी मी बोलायचं म्हणजे ऑगस्टपासूनची सगळी मेहनत पाण्यात.

घरी गेल्यावर तिच्यासाठी जिन्यातला बल्ब बदलला. तिच्या लक्षात आलं नाही.

१६ मार्च, डेपोत, जेवणाची सुट्टी

वाईट प्रसंग. कंट्रोलरला सांगत होतो की आमच्या काडीला इतकी लघवी होते की रेतीचा ट्रे सकाळ-संध्याकाळ बदलूनही पुरत नाही, पिते किती आणि काढते किती, पोट मडक्यासारखं झालंय. माइकचं बटण चिकटलेलं होतं. अख्ख्या फलाटाने ऐकलं. माणसं हसत होती.

(एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. माझं बोलणं प्रवाशांना कळतं, शब्दन् शब्द कळतो. हे कोणीतरी ताईला कळवायला हवं.)

नंतर एक बाई काचेच्या खिडकीपाशी आल्या. हसत नव्हत्या. म्हणाल्या, माझ्या मांजराचं असंच सुरू झालं होतं, उशीर करू नका. मी विचारलं, आता कसं आहे ते? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि बसकडे गेल्या. लोकांना दुसऱ्याला घाबरवायची हौस असते. दुपारभर माझ्या दोन घोषणा चुकल्या.

२४ मार्च

काडीचं पोट खाली लोंबतं आणि पाठीचा कणा हाताला लागतो. एकाच वेळी जाडी आणि रोड. कुशीवरचे केस विरळ झालेत, खालची कातडी पातळ दिसते, आतल्या निळ्या शिरांसकट. कानांची टोकं दुमडलीत. चालताना मागचे पाय पंज्यावर टाकायची ते आता टाचेपर्यंत टेकवते, म्हातारी बाई स्लीपर ओढत चालते तशी.

उन्हाळ्यात केस गळतातच. कानांचं बघू.

दवाखान्यात फोन केला, म्हणजे मी हयगय करत नाही. कंपाउंडरने उचलला. त्याने विचारलं, गोळी अर्धीच देताय ना? मी म्हटलं, अर्धीच, एक दिवस चुकवली नाही. तो म्हणाला, मग इतका त्रास व्हायला नको, साखर तपासायला उद्याच आणा. आवाजात उगाच घाई होती.

२५ मार्च

नेणारच होतो. अडचण अशी की स्कूटरवर एकाने चालवायची आणि एकाने मागे टोपली धरायची. म्हणजे ताई हवी. निरोप काडीमार्फतच द्यावा लागणार, पण काडी बाथरूममध्ये बादलीला टेकून झोपलेली असते. आजकाल सारखी झोपलेलीच असते. दोनदा दारात उभं राहून मोठ्याने म्हटलं, सांग तुझ्या आत्याला, दवाखान्यात जायचंय. काडीने डोळे उघडले नाहीत. आत ताईचं मशीन चालू होतं, शाळांच्या युनिफॉर्मची ऑर्डर आहे.

निरोप्याच झोपलेला, तर निरोप पोचणार कसा. रविवारी नक्की.

३० मार्च, रविवार

ताई दिवसभर कापड आणायला गेली होती. माझ्याकडून प्रयत्नात कसूर नाही.

२ एप्रिल

ताई संध्याकाळी काडीसमोर बसली होती. अगदी हळू म्हणाली, अगं, मी तर सगळं सांगितल्यासारखंच करतेय, मग तुला होतंय तरी काय? मला ते वाक्य विचित्र वाटलं. सगळं तर मी करतोय. ती काय करते? खायला घालते, एवढंच.

मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. ती बोलणार होती, मला खात्री आहे. मीही थांबलो, मुद्दाम, तिला वेळ द्यावा म्हणून. मग काडी उठून धडपडत पाण्याकडे गेली आणि ताई तिच्या मागे गेली.

बाथरूममधून चाटण्याचा आवाज येतोय. थांबतच नाहीये. आता लिहितोय तरी चालूच आहे. मला भीती वाटतेय. ठराव: उद्या काहीही झालं तरी.

३ एप्रिल

डेपोत दोन माणसं रजेवर. उद्या.

६ एप्रिल

सकाळी गोळी द्यायला काडीला बादलीपासून उचललं. नेहमीसारखंच उचललं, बगलेखाली हात घालून. हातात काहीतरी सरकलं. जुनी चादर धुताना फाटते तशी तिच्या कुशीची कातडी फाटली. तळहाताएवढी. रक्त फारसं आलं नाही. तिने आवाजही केला नाही, ते सगळ्यात वाईट. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी ओरडलो. ताई ओल्या केसांनी धावत आली. तिने शिवायला घेतलेला पांढरा शर्ट काडीभोवती गुंडाळला आणि आम्ही टॅक्सी केली.

डॉक्टरबाईंनी रक्त घेतलं. साखर इतकी की मशीनला आकडाच दाखवता येईना. त्यांनी विचारलं, गोळी किती देता? अर्धी. कोण देतं?

मी, मी म्हणालो.

मी, ताई म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकदमच आली. मग ताईने सांगितलं की ती रोज नऊला देते, हा कामावर गेल्यावर, कारण याच्यावर सोडलं तर हा विसरेल. मी सांगितलं, सहाला देतो, कारण हिला जमणार नाही. दोघांनीही डॉक्टरांना सांगितलं, एकमेकांना नाही.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तुम्ही एकाच घरात राहता ना?

काडीला ठेवून घेतलं. इन्शुलिन, सलाइन, टाके. कातडी टाका धरत नाहीये म्हणाल्या. स्टेरॉइड आता बंदही करता येत नाही, हळूहळूच उतरवावं लागेल, आणि तेवढा वेळ तिच्याकडे आहे का ते सांगता येत नाही.

परतीच्या टॅक्सीत मध्ये रिकामी टोपली. ताई रडत होती, तोंडाला पदर न लावता, सरळ समोर बघून. मी ड्रायव्हरला म्हटलं, त्यांना सांगा, डॉक्टर चांगल्या आहेत. ड्रायव्हरने आरशातून आम्हा दोघांकडे पाहिलं आणि गिअर बदलला.

७ एप्रिल

शांतपणे विचार केला. मी अर्धीच गोळी दिली होती. डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. माझ्या बाजूने औषध बरोबर होतं. ताईच्या बाजूनेही बरोबर होतं, हे मी मान्य करतो. दोन बरोबर गोष्टींमधून असं काही होणं हे विचित्र आहे.

केमिस्टने मला नीट सांगायला हवं होतं.

८ एप्रिल

दवाखान्यात गेलो. पिंजऱ्यात अंगावर पट्ट्या, पायाला नळी. मी आवाज दिला, तिने दुमडलेले कान हलवायचा प्रयत्न केला. ताई आधीच तिथे होती. आम्ही दोघं पिंजऱ्यासमोर उभे होतो. आत काडी होती, जागी होती, समोर होती, आणि दोघांपैकी कोणालाही तिच्यामार्फत एक शब्द बोलता आला नाही.

माझी चूक आहे. लिहून ठेवतो. अर्धी नाही.

१० एप्रिल, सकाळ

दवाखान्यातून फोन आला. मी घेतला. जखम चिघळली होती, अंगात ताकद उरली नव्हती. पहाटे गेली.

ताई दारात उभी होती. तिला सांगावं लागलं नाही.

१४ एप्रिल, संध्याकाळ

ठराव केला होता की आज मीच आधी बोलायचं. माफी मागायची, ऑगस्टचीही, पुढचीही. डेपोतून येताना वाक्य तयार केलं. साधंच होतं. घरी आलो तेव्हा ताई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. चार दिवस मशीनचं झाकण उघडलं नाहीये तिने. मी दारात उभा राहिलो. वाक्य अगदी तोंडाशी आलं आणि माझी नजर सवयीने खाली फरशीवर गेली. कोणाकडे बघून बोलायचं तेच समजेना.

तेवढ्यात तीच म्हणाली, चहा टाकू का?

मी मागे वळून बघितलं, ही कोणाला विचारतेय म्हणून. मागे कोणी नव्हतं. मला विचारलं होतं हे डोक्यात शिरेपर्यंत तिने भांडं पालथं घातलं आणि ती आत निघून गेली.