आईपाशी होते, म्हणून नाकारलं

प्रिय आई,

उद्या सकाळी माझ्या अपिलाची सुनावणी आहे, फोनवर. साक्षीदार म्हणून तुझं नाव द्यावं असं फार वाटलं गं! पण तुला कुठून आणू आता? म्हणून हे लिहायला बसलेय.

इथे अमेरिकेत नोकरी गेली की सरकारकडून काही महिने बेकारी भत्ता मिळतो, हे तुला सांगितलं होतं. त्यासाठी सारखा एक फॉर्म भरायचा असतो. काम मिळालं तर लगेच कराल का, असं त्यात विचारतात. नागपूरला तुझ्या पलंगाशी बसूनच मी तो मोबाइलवर भरला. ‘नाही’ लिहिलं आणि खाली कारण दिलं : आई शेवटच्या आजारात आहे, मी तिच्याजवळ आहे.

आपल्याकडे अर्जात आईचं आजारपण लिहिलं की कसलाही साहेब विरघळतो! इथे त्याच ओळीवर बोट ठेवून त्यांनी भत्ता नाकारला. म्हणे, तुम्ही देशाबाहेर होता, कामासाठी उपलब्ध नव्हता. तू गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून परतले, तेव्हापासून सगळंच अडकून पडलंय.

नोकरी अजून नाही. इंटरव्ह्यू होतात, मग कुणी साधं कळवतही नाही. महिनाअखेरीला सनीव्हेलचं हे घर सोडावं लागेल. काल मैत्री विचारत होती, “मॉम, आर वी मूव्हिंग अगेन?” तुझ्या नातीला मी काय सांगू? मला रडूच फुटलं. सगळं संपल्यासारखं वाटतंय, आई.

आणि तू तरी काय गं! ‘ॲसिडिटी आहे’ म्हणत किती महिने लपवलंस! तेव्हाच सांगितलं असतंस, तर माझी नोकरी होती, हक्काची रजा मिळाली असती. कधी कधी तुझा भयंकर राग येतो.

इथे बुद्धवंदनेला भेटतात त्या शोभाकाकू परवा मुद्दाम घरी आल्या. “हे बघ, जज विचारणारच, जॉब मिळाला असता तर आईला सोडून आली असतीस का? सरळ यस म्हणायचं. नेक्स्ट फ्लाइट पकडली असती म्हणायचं. एक्स्प्लेन करत बसलीस की केस गेली.”

त्या माझ्या भल्याचंच सांगतात. त्या गेल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून मी ते ‘यस’ म्हणून पाहिलं. आवाज फुटला, पण लगेच तू दिसलीस. शेवटच्या दिवसांत बोलणं बंद झाल्यावर माझी ओढणी मुठीत धरून झोपायचीस तू. ती मूठ सोडवून मी निघाले असते?

उद्या त्यांनी विचारलं तर मी ‘नाही’ म्हणेन. घर जाईल, हे कळतंय मला. पण तुला सोडून आले असते, असं मी शपथेवर कुणाहीपुढे म्हणणार नाही. हा माझा शब्द.

तुझीच,
वैशू